पार्ष्णिकंडरेचा विच्छेद : शस्त्रकर्माविना उपचार आणि वैद्याचे कर्तव्य

प्रास्ताविक

पोटरीच्या अखेरीस, टाचेच्या वर जी जाड दोरासारखी कंडरा हाताला लागते, तिला आधुनिक शास्त्रात अकिलीस टेंडन म्हणतात. प्रस्तुत लेखात तिचा निर्देश आम्ही पार्ष्णिकंडरा असा केला आहे. ही कंडरा अकस्मात तुटली असता शस्त्रकर्म करावेच लागते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. गेल्या दोन दशकांतील अभ्यासांनी तो पुष्कळ अंशी बदलला आहे. रुग्णाची निवड योग्य असेल आणि उपचार वेळेवर सुरू झाले असतील, तर टाके न घालताही ही कंडरा जुळते आणि बहुतेक रुग्ण आपल्या नित्य व्यवहाराकडे परत येतात.

शस्त्रकर्म टाळण्याच्या इच्छेने आपल्याकडे येणारे रुग्ण पुष्कळ असतात. त्यामुळे ही माहिती आपल्या व्यवसायबंधूंना समाधान देणारी आहे. परंतु 'शस्त्रकर्माविना' याचा अर्थ 'बंधनाविना' असा घेतला गेला, तर रुग्णाचे कायमचे नुकसान होते. तुटलेल्या कंडरेवर पहिले दोन-तीन आठवडे तेल-लेपात गेले, की जुळण्याची उत्तम वेळ निघून जाते. म्हणून या व्याधीची ओळख, बंधनाचे तत्त्व आणि आपल्या चिकित्सेचे त्यातील नेमके स्थान यांचा विचार येथे करावयाचा आहे.

शारीर विचार

सुश्रुतांनी शारीरस्थानात स्नायूंचे चार प्रकार सांगून त्यांतील वृत्त म्हणजे वाटोळ्या स्नायूंना कंडरा म्हटले आहे. कंडरांची संख्या सोळा असून त्यांपैकी चार पायांत आहेत. त्याच अध्यायात अस्थी, पेशी, सिरा किंवा संधी यांच्या आघातापेक्षा स्नायूचा आघात देहाला अधिक घातक ठरतो, असा स्पष्ट अभिप्राय आहे. स्नायूच्या वेधात क्रियेची अशक्तता येते, तीव्र वेदना होतात व व्रण उशिरा भरून येतो, असेही सूत्रस्थानात सांगितले आहे. पार्ष्णिकंडरेच्या बाबतीत या तीनही गोष्टी विचारात घेण्यासारख्या आहेत.

पोटरीतील दोन मोठ्या पेशी एकत्र येऊन ही कंडरा तयार होते व टाचेच्या अस्थीला मागील बाजूस जोडली जाते. देहातील ही सर्वांत जाड व बळकट कंडरा होय. चालताना टाच उचलणे, चवड्यावर उभे राहणे, उडी मारणे व जिना चढणे ही कार्ये तिच्यावर अवलंबून आहेत. टाचेच्या वर सुमारे २ ते ६ सें.मी. या भागात तिचा रक्तपुरवठा तुलनेने कमी असतो. बहुतेक विच्छेद याच जागी आढळतात.

हेतू

हा आघात बहुधा तिशी ते पन्नाशीतील पुरुषांत आढळतो. आठवडाभर बैठे काम करून सुटीच्या दिवशी एकदम बॅडमिंटन, क्रिकेट किंवा फुटबॉल खेळणारा गृहस्थ हे त्याचे नमुनेदार उदाहरण. पुढे झेप घेताना, थांबलेल्या स्थितीतून एकदम धाव घेताना, किंवा पायरी चुकून टाच खाली जाताना कंडरेवर अकस्मात ताण येतो व ती तुटते. पूर्वी दुखणे नसलेल्या व्यक्तीतही असे घडते.

औषधजन्य हेतूंकडे आपले लक्ष कमी जाते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन आदी फ्लुरोक्विनोलोन वर्गातील प्रतिजैविकांनी कंडराशोथ व कंडराविच्छेद यांची शक्यता वाढते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ साली या औषधांच्या माहितीपत्रकावर तशी ठळक चौकटीतील सूचना देणे बंधनकारक केले. साठीपुढील वय, स्टिरॉइडचे सेवन आणि अवयव प्रत्यारोपण झालेले असणे, यांत हा धोका आणखी वाढतो. म्हणून टाचेमागे दुखते असे सांगणाऱ्या रुग्णास मागील काही महिन्यांत घेतलेल्या औषधांविषयी अवश्य विचारावे.

लक्षणे व परीक्षण

रुग्णाचा वृत्तान्त बहुधा बोलका असतो. मागून कोणी काठीने मारले किंवा चेंडू लागला असे त्यास वाटते. वळून पाहावे तर मागे कोणीच नसते. पुष्कळांना 'कट्' असा आवाज ऐकू येतो. त्यानंतर वेदना होतात, पण त्या काही वेळाने कमी होऊ शकतात. रुग्ण लंगडत का होईना, पण चालत येतो. येथेच वैद्याची फसगत होते. कंडरा पूर्ण तुटली असली तरी घोट्यामागून जाणाऱ्या इतर लहान पेशींच्या साहाय्याने रुग्ण बोटे खाली झुकवू शकतो. 'पाऊल हलते आहे, म्हणजे कंडरा शाबूत आहे' हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. पहिल्या तपासणीत सुमारे पाचांपैकी एक विच्छेद ओळखला जात नाही, असे शल्यशास्त्राच्या ग्रंथांत नमूद केलेले असते.

परीक्षणासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. पुढील तीन गोष्टी प्रत्येक वैद्याने कराव्यात.

१) पोटरी दाबण्याची परीक्षा : रुग्णास पालथे झोपवावे, पावले टेबलाच्या कडेबाहेर सैल राहू द्यावीत. पोटरीचा मांसल भाग हाताने दाबावा. निरोगी बाजूस बोटे आपोआप खाली झुकतात. कंडरा तुटलेली असता पाऊल हलत नाही. सिमंड्स (१९५७) व थॉम्पसन (१९६२) यांच्या नावाने ही परीक्षा ओळखली जाते.

२) पावलाची विश्रांत स्थिती : रुग्ण पालथा असतानाच दोन्ही गुडघे काटकोनात वाकवावेत. निरोगी पाऊल किंचित बोटे झुकलेल्या स्थितीत राहते. बाधित पाऊल सपाट होते किंवा नडगीकडे कलते.

३) स्पर्शन : टाचेपासून वर बोट फिरवीत जावे. विच्छेदाच्या जागी खळगा लागतो. मात्र काही काळ लोटून सूज व रक्तसंचय झाल्यावर हा खळगा भरल्यासारखा भासतो. तो लागला नाही म्हणून विच्छेद नाही असे मानू नये.

दोन्ही बाजूंची तुलना अनिवार्य आहे. रुग्णास एका पायावर चवड्यावर उभे राहून दाखविण्याचा आग्रह मात्र धरू नये. अंशतः तुटलेली कंडरा त्यात पूर्ण तुटू शकते. शंका राहिल्यास सोनोग्राफी करून घ्यावी. साध्या क्ष-किरण चित्रात कंडरा दिसत नाही. टाचेच्या अस्थीचा तुकडा निघाला आहे काय, एवढेच त्यातून कळते.

सापेक्ष निदानात घोटा मुरगळणे, पोटरीतील पेशी फाटणे, कंडराशोथ व वातकंटक यांचा विचार करावा. घोटा मुरगळला असता वेदना मुख्यतः घोट्याच्या बाजूस असते, मागे नव्हे. वातकंटक समजून विच्छेदाच्या जागी अग्निकर्म करणे हा गंभीर प्रमाद ठरेल. पोटरी दाबण्याची परीक्षा केल्याखेरीज टाचेमागील अकस्मात उद्भवलेल्या शूळावर अग्निकर्म करू नये.

शस्त्रकर्म की बंधन : अभ्यास काय सांगतात

पूर्वीच्या पद्धतीत शस्त्रकर्म न केलेल्या रुग्णांचा पाय दीर्घकाळ प्लास्टरमध्ये ठेवीत व भार देऊ देत नसत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात अशा रुग्णांत कंडरा पुन्हा तुटण्याचे प्रमाण १२.६ टक्के, तर उघड्या शस्त्रकर्मानंतर ३.५ टक्के आढळले होते. यामुळे शस्त्रकर्माचा पक्ष बळकट झाला.

२०१० साली कॅनडातील अभ्यासाने चित्र पालटले. त्यात १४४ रुग्णांची दोन गटांत विभागणी करून दोन्ही गटांना एकच लवकर हालचालीचा कार्यक्रम दिला गेला. कंडरा पुन्हा तुटण्याच्या घटना शस्त्रकर्म गटात २ व बंधन गटात ३ इतक्याच होत्या. जुन्या पद्धतीतील दोष बंधनात नव्हता, बंधनानंतरच्या दीर्घ निश्चलतेत होता, असा बोध त्यातून पुष्कळांनी घेतला.

२०१९ साली २९ अभ्यासांतील १५ हजारांहून अधिक रुग्णांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. पुन्हा तुटण्याचे प्रमाण शस्त्रकर्मानंतर २.३ टक्के व त्याविना ३.९ टक्के होते. उलट, जंतुसंसर्गासह अन्य उपद्रव शस्त्रकर्मानंतर ४.९ टक्के व त्याविना १.६ टक्के होते.

नॉर्वेतील ५२६ रुग्णांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. वर्षअखेर पायाच्या कार्यशक्तीत गटागटांत लक्षणीय फरक नव्हता. पुन्हा तुटण्याचे प्रमाण मात्र शस्त्रकर्माविना ६.२ टक्के, तर दोन्ही प्रकारच्या शस्त्रकर्मांनंतर ०.६ टक्के होते. नाडीतंतूंना इजा लहान छेदाच्या शस्त्रकर्मात ५.२, उघड्या शस्त्रकर्मात २.८ व बंधन गटात ०.६ टक्के रुग्णांत झाली.

या आकड्यांचा अर्थ रुग्णास सरळ शब्दांत सांगावा. नॉर्वेच्या अभ्यासानुसार, बंधनाने बरे होऊ पाहणाऱ्या सुमारे सोळा रुग्णांमागे एकाची कंडरा पुन्हा तुटते; शस्त्रकर्माने हा धोका घटतो, पण जखम, जंतुसंसर्ग व नाडीइजा यांचा धोका वाढतो. निवड रुग्णाने अस्थिरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने करावी. 'शस्त्रकर्माची गरजच नाही' असे आपण ठामपणे सांगणे जितके अयोग्य, तितकेच 'शस्त्रकर्माविना पाय अधू होईल' असे सांगणेही अयोग्य.

बंधनास अयोग्य किंवा विशेष विचार करावयाचे रुग्ण असे : धारदार वस्तूने बाहेरून कापली गेलेली कंडरा, टाचेच्या अस्थीचा तुकडा निघालेला असणे, पुन्हा तुटलेली कंडरा, आणि आघातानंतर कित्येक आठवड्यांनी आलेला रुग्ण. शेवटच्या गटात तुटलेली टोके दूर सरकून आखडतात, म्हणून वेळेचे महत्त्व पुन्हा सांगावेसे वाटते. व्यावसायिक खेळाडूंच्या बाबतीत निर्णय स्वतंत्रपणे होतो.

बंधनाचे तत्त्व व कालक्रम

बोटे खाली झुकवून पाऊल बांधले, की कंडरेची दोन्ही टोके जवळ येतात. मधल्या रक्तसंचयात नवे तंतू तयार होतात. आरंभी हे तंतू दुर्बल व अस्ताव्यस्त असतात. पुढे कित्येक महिन्यांत, बेताच्या ताणाने, ते एका दिशेस रचले जाऊन बळकट होतात. टोके दूर राहिली तर कंडरा जुळते, पण लांब होऊन. लांबलेली कंडरा सैल दोरीसारखी असते : पोटरी आकुंचन पावते, पण टाच पुरेशी उचलली जात नाही. हे वैगुण्य पुढे कोणत्याही व्यायामाने पूर्णपणे भरून निघत नाही.

कॅनडाच्या अभ्यासातील कार्यक्रमाची रूपरेषा अशी :

० ते २ आठवडे : बोटे झुकलेल्या स्थितीत मागून प्लास्टरची पट्टी. कुबड्या वापराव्यात, बाधित पायावर भार नाही.

२ ते ४ आठवडे : टाचेखाली सुमारे २ सें.मी. उंचवटा असलेला वॉकर बूट. कुबड्यांच्या आधाराने अंशतः भार. बोटे खाली नेण्याची व काटकोनापर्यंतच वर आणण्याची सौम्य हालचाल. काटकोनापलीकडे पाऊल वर नेणे वर्ज्य.

४ ते ६ आठवडे : बूट घालूनच सोसेल तितका भार.

६ ते ८ आठवडे : टाचेखालील उंचवटा काढणे, हळूहळू ताण व प्रतिरोधाचे व्यायाम.

८ ते १२ आठवडे : बूट क्रमाने सोडणे, बळवर्धक व्यायाम.

१२ आठवड्यांनंतर : बळ, तोल व चालीचे व्यायाम. धावणे व खेळ यांचा विचार त्यानंतर, कित्येक महिन्यांनी.

केंद्रागणिक तपशील बदलतो. काही ठिकाणी उंचवट्याच्या पाचरी एकेक करून कमी करतात. ब्रिटनमधील ५४० रुग्णांच्या २०२० सालच्या अभ्यासात प्लास्टर व लवकर भार देता येणारा आधार-बूट यांच्या अंतिम फलात महत्त्वाचा फरक आढळला नाही. पुन्हा तुटण्याचे प्रमाण अनुक्रमे ६ व ५ टक्के होते. म्हणजे महाग बूट न परवडणाऱ्या रुग्णासही निराश होण्याचे कारण नाही. स्थिती व काल पाळला जाणे महत्त्वाचे. रात्री झोपताना बूट काढून टाकणे, स्नानगृहात 'दोनच पावले' उघड्या पायाने टाकणे, असल्या लहान ढिलाया घातक ठरतात. बूट सुटल्यानंतरचे काही आठवडेही जोखमीचे असतात. वेदना थांबल्याने रुग्ण धीट होतो व ओल्या फरशीवर किंवा जिन्यावर पाय घसरून कंडरा पुन्हा तुटते.

सुश्रुतांच्या भग्नचिकित्सेशी याचा मेळ पाहण्यासारखा आहे. बंध शिथिल असता संधी स्थिर होत नाही आणि फार घट्ट असता शोथ, वेदना व पाक होतो, हे त्यांनी सांगितले आहे. शीत ऋतूत सात, साधारण ऋतूत पाच व उष्ण ऋतूत तीन दिवसांनी बंध बदलावा, असा ऋतुविचारही त्यांनी केला. स्थैर्यास बालवयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उत्तर वयात तिप्पट काल सांगितला आहे. हे वचन अस्थिभग्नाचे आहे, हे ध्यानात ठेवूनही वयानुसार धीर धरावयास सांगण्यास ते उपयोगी पडते. मात्र बंध बदलताना पाऊल क्षणभरही वर वळू देऊ नये, आणि बंध बदलण्याचे काम या आघाताचा अनुभव असलेल्या व्यक्तीनेच करावे.

वैद्याने काय करू नये

पहिल्या आठवड्यांत पोटरी व टाच यांवर अभ्यंग, मर्दन, स्वेदन किंवा ताणणे करू नये. पाऊल वर ओढून 'आखडलेली शीर मोकळी करणे' हा प्रकार तर जुळू लागलेली टोके विलग करणारा आहे. हाडवैद्याकडे जाऊन आलेल्या रुग्णास हे आवर्जून विचारावे.

अभ्यंग टाळण्याचे याहून गंभीर कारण आहे. बंधनात असलेल्या पायाच्या खोल सिरांत रक्ताची गुठळी होणे हा या आघाताचा परिचित उपद्रव होय. पोटरीची वाढती सूज, उष्णता, स्पर्शासहत्व किंवा बंध अकस्मात घट्ट वाटू लागणे ही त्याची चिन्हे. अशी पोटरी चोळल्यास गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अकस्मात श्वास लागणे, छातीत दुखणे किंवा खोकल्यातून रक्त येणे, असे घडल्यास रुग्णास विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे. पूर्वी गुठळी झालेले, कर्करोगाचे व स्थूल रुग्ण, तसेच गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया यांत विशेष दक्षता हवी. काही रुग्णांना तज्ज्ञ रक्त पातळ करणारी औषधे देतात. ती आपण परस्पर बंद करू नयेत.

आहार व औषधी : वैद्याचे खरे क्षेत्र

भग्नासाठी शालितांदूळ, मांसरस, दूध, तूप, वाटाण्याचे यूष व बृंहण अन्नपान सांगितले आहे. लवण, कटू, क्षार, अम्ल, रूक्ष अन्न, ऊन व व्यायाम वर्ज्य सांगितले आहेत. नवे तंतू घडण्यास पुरेशी प्रथिने व क जीवनसत्त्व लागते, या आधुनिक मताशी दूध, डाळी व मांसरस यांची योजना जुळते. शाकाहारी रुग्णात मूग, मसूर, ताक-दूध यांचे प्रमाण जाणीवपूर्वक पाहावे. क जीवनसत्त्वासाठी आवळा द्यावा, कारण ग्रंथांतील अम्लवर्ज्याचा रोख आंबट व विदाही आहाराच्या अतिसेवनाकडे आहे, असे आम्हांस वाटते. मधुमेही रुग्णात साखर आटोक्यात ठेवणे व सर्वांतच तंबाखू सोडविणे, हे कोणत्याही कल्पापेक्षा कमी महत्त्वाचे नाही.

लाक्षा, अस्थिसंहारी, गुग्गुळ यांचे कल्प अस्थिभग्नाच्या परंपरेतील आहेत. प्रकृती व अग्नी पाहून ते देण्यास हरकत नाही. परंतु ते टाचेखालील उंचवट्याची जागा घेऊ शकत नाहीत, हे रुग्णास प्रथमच सांगावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असता गुग्गुळ, तसेच लसूण व हळद यांचे संहत अर्क देऊ नयेत; रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते. नव्या महागड्या उपायांच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी. रक्तातील प्लेटलेट संहत करून कंडरेत टोचण्याचा उपचार गाजला. ब्रिटनमध्ये २३० रुग्णांत केलेल्या अभ्यासात (२०१९) त्याचा लाभ दिसून आला नाही.

बूट सुटल्यानंतर, तज्ज्ञाची संमती घेऊन आणि गुठळीची शंका नसल्याची खात्री करून, पोटरी व पाऊल यांना सौम्य अभ्यंग व मृदू स्वेद द्यावा. ताठरता व त्वचेची रूक्षता यांत रुग्णास आराम वाटतो. या टप्प्यावर फिजिओथेरपिस्टशी सहकार्य आवश्यक आहे. प्रगतीचा निकष वेदना हा नसून बाधित पायावर एकट्याने टाच किती उंच व किती वेळा उचलता येते, हा आहे. खेळाकडे परतण्यास सहा ते बारा महिने लागतात, आणि पोटरीच्या बळात थोडी उणीव पुष्कळांत कायम राहते, हेही आरंभीच सांगून ठेवावे.

औषधी विक्रेत्यांसाठी

पुष्कळदा असा रुग्ण प्रथम औषधाच्या दुकानातच येतो व 'पाय मुरगळला, तेल द्या' असे म्हणतो. अशा वेळी दोन प्रश्न विचारावेत. मागून मार बसल्यासारखे वाटले काय? 'कट्' असा आवाज आला काय? यांपैकी एकाचे उत्तर होकारार्थी असल्यास तेल, मलम किंवा गरम पट्टा न देता त्याच दिवशी तपासणीस पाठवावे. तोवर पायावर भार देऊ नये, बोटे खाली सैल सोडावीत व कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावावा, एवढे सांगितले तरी रुग्णाचे हित होते. फ्लुरोक्विनोलोन चिठ्ठीवर देताना, विशेषतः स्टिरॉइड घेणाऱ्या वृद्ध रुग्णास, टाचेमागे दुखू लागल्यास औषध थांबवून लगेच वैद्यकीय सल्ला घेण्याची सूचना द्यावी. एका वाक्याची ही सूचना विच्छेद टाळू शकते.

समारोप

पार्ष्णिकंडरा शस्त्रकर्माविना जुळू शकते; ती जुळविणारे घटक म्हणजे वेळेवर निदान, योग्य स्थितीतील बंध, क्रमाक्रमाने भार आणि रुग्णाचा संयम. आपण ओळखून वेळेवर पाठविलेला एक रुग्ण हा आपल्या चिकित्सेचाच यशस्वी रुग्ण होय. पुढील काही महिने त्याचा आहार, अग्नी, धीर व नियमपालन सांभाळणे हे कार्य आपल्याइतके निकटपणे दुसरा कोणी करू शकत नाही.

स्वाध्याय

१) रुग्ण बोटे खाली झुकवू शकतो, तरीही कंडरा पूर्ण तुटलेली असू शकते. का?
२) पोटरी दाबण्याची परीक्षा कशी करावी व तिचा अर्थ कसा लावावा?
३) कंडरा लांबून जुळल्यास कोणते वैगुण्य राहते?
४) बंधनातील रुग्णाची पोटरी चौथ्या आठवड्यात सुजून उष्ण झाली आहे व तो अभ्यंगाची मागणी करतो. आपण काय कराल?